अख्ख्या मुगाची परीक्षा: सजीवांची लक्षणे आणि गरजा घरच्या घरी कशा तपासाव्यात

सजीवांना अन्न लागते, ते श्वसन करतात, वाढतात, हालचाल करतात, चेतनेला प्रतिसाद देतात, उत्सर्जन करतात आणि प्रजननाने आपल्यासारखे जीव निर्माण करतात, ही यादी शाळेत गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाला पाठ असते. मात्र हीच यादी देवघरातील समईच्या ज्योतीला लावून पाहिली, तर अडचण उभी राहते. ज्योतीला तेल लागते, हवेतील ऑक्सिजन लागतो, ती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते, फुंकर घातली की झुकते, वात पुढे सारली की मोठी होते आणि एका ज्योतीवरून दुसरी लावताही येते. एवढे असूनही ज्योतीला कोणी सजीव म्हणत नाही, कारण तिला पेशी नाहीत, आपल्या घडणीची माहिती पुढच्या पिढीला देण्याची सोय नाही आणि बाहेरच्या बदलांपासून आतली स्थिती सांभाळण्याची क्षमता नाही. एकेक लक्षण सुटे काढले की त्याचे सोंग आणणारी निर्जीव वस्तू हमखास सापडते. म्हणून लक्षण तपासताना त्याच्या शेजारी एक निर्जीव किंवा मेलेला जोडीदार ठेवणे आणि दोघांत नेमका फरक कुठे पडतो ते पाहणे, हीच या विषयाची खरी पद्धत आहे.

गरजांचेही तसेच आहे. एखादी गोष्ट काढून घेतल्यावर सजीवाचे एखादे लक्षण थांबत असेल, तर ती त्याची गरज मानावी. या अर्थाने गरजा आणि लक्षणे हे दोन वेगळे धडे नाहीत आणि ते एकत्रच शिकवले पाहिजेत, असे माझे मत आहे.

या साऱ्या तपासणीसाठी अख्ख्या मुगाइतका सोयीचा जीव दुसरा नाही. तो प्रत्येक वाणसामानाच्या दुकानात मिळतो, आपल्याकडच्या उबदार हवेत भिजवल्यापासून दीड दिवसात मोड दाखवतो आणि कुंडीत लावला तर साधारण साठ ते सत्तर दिवसांत शेंगा वाळवून देतो. शिवाय डब्यातला कोरडा मूग पाहताक्षणी सजीव वाटतच नाही, आणि परीक्षेला असाच उमेदवार हवा.

तयारी: चार वाट्या आणि एक वही

चार सारख्या वाट्या घ्याव्यात. पहिल्या वाटीत अख्खे मूग, दुसऱ्या वाटीत पंधरा मिनिटे उकळून थंड केलेले अख्खे मूग, तिसऱ्या वाटीत मुगाची सालीची डाळ आणि चौथ्या वाटीत मुगाएवढे बारीक धुतलेले खडे ठेवावेत. प्रत्येक वाटीत मोजून पन्नास नग असावेत, म्हणजे पुढे किती दाण्यांना मोड आले हे टक्क्यांत सांगता येते. मूग पॉलिश केलेले किंवा फार जुने नसावेत, आणि पेरणीसाठी औषध चोळलेले बियाणे घरात अजिबात वापरू नये.

बाकीचे साहित्य साधे आहे: घट्ट झाकणाच्या रुंद तोंडाच्या तीन काचेच्या बरण्या, पानाला लावतात तो खायचा चुना, औषधाच्या दुकानातील टिंचर आयोडिन आणि स्पिरिट, टीपकागद, कापूस, बुटांचा रिकामा खोका, काळा कागद, बारीक टोकाचे पेन आणि पातळ मलमलीचे तुकडे. शक्य असल्यास दोन थर्मास आणि दोन प्रयोगशाळेतील तापमापक मिळवावेत. ताप पाहण्याचा तापमापक येथे उपयोगी पडत नाही, कारण त्याचे मोजमाप ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास सुरू होते.

वहीत डाव्या बाजूला चारही वाट्यांची नावे आणि वरच्या बाजूला लक्षणे लिहून चौकट आखावी. निरीक्षण आणि अनुमान एकाच रकान्यात लिहू नये. ‘चुन्याची निवळी (चुन्याच्या पाण्याचा वरचा स्वच्छ भाग) पांढरी झाली’ हे निरीक्षण आहे, तर ‘मूग श्वसन करतात’ हे अनुमान आहे, आणि या दोहोंमध्ये तुलनेची पायरी यावी लागते.

पहिली पायरी: भिजवणे, आणि फुगण्याने होणारी फसगत

चारही वाट्यांत दुप्पट पाणी घालून आठ तास ठेवावे. खडे तसेच राहतात, पण डाळ टम्म फुगते आणि कच्चे मूगही फुगतात. उकळताना पाणी पिऊन बसलेले मूग तर आधीच फुगलेले असतात. पाणी शोषून फुगणे हे जिवंतपणाचे लक्षण नाही, हा पहिलाच निष्कर्ष मुलांना चकित करतो. दाण्यातील प्रथिने आणि पिष्टमय पदार्थ पाण्याला ओढून घेतात, आणि ते काम मेलेल्या दाण्यातही तितक्याच निमूटपणे होते.

यानंतर पाणी काढून चारही गट वेगवेगळ्या ओल्या फडक्यांत सैल बांधावेत आणि सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हबका मारावा. दुसऱ्या दिवशी फक्त अख्ख्या कच्च्या मुगांना मोड आलेले दिसतात. डाळ दळताना दाणा दुभंगतो आणि दोन दलांच्या (दाण्याच्या दोन अर्धांच्या) सांध्यावर बसलेला इवलासा अंकुर तुटतो किंवा निखळतो. अन्नाचा साठा डाळीत जवळजवळ पूर्ण असतो, मात्र तो वापरणारा जीव उरलेला नसतो. भिजलेला एक मूग नखाने सोलून दोन दले हळूच वेगळी केली, तर भावी मूळ आणि इवल्याशा दुमडलेल्या पानांची जोडी साध्या भिंगातूनही दिसते.

कच्च्या मुगांतही दोन-चार दाणे खड्यासारखे कडक राहतात. ते मेलेले आहेत असे लगेच लिहू नये. त्यांचे साल पाणी आत घेत नाही एवढेच त्यातून कळते. असा दाणा पॉलिशपेपरवर एका बाजूने हलकासा घासून पुन्हा भिजवला, तर बहुधा तोही फुगतो आणि मोड काढतो.

दुसरी पायरी: एकेक गरज काढून पाहणे

आता केवळ कच्चे मूग घ्यावेत आणि प्रत्येकी वीस दाण्यांचे पाच गट करावेत. पहिला गट ओल्या कापसावर, खोलीच्या तापमानाला आणि उजेडात ठेवावा. हा तुलनेचा गट होय. दुसरा कोरड्या कापसावर ठेवावा. तिसरा ओल्या कापसावर, पण पूर्ण अंधारात ठेवावा. चौथा ओल्या कापसावर फ्रीजमध्ये ठेवावा, तेव्हा त्यावर काळा कागद गुंडाळून तुलना तिसऱ्या गटाशी करावी, म्हणजे थंडी हा एकच फरक उरतो. पाचव्या गटासाठी उकळून, झाकण ठेवून थंड केलेले पाणी बाटलीत घ्यावे, त्यात मूग सोडावेत आणि वर गोडेतेलाचा अर्धा बोट जाडीचा थर द्यावा. उकळल्याने पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते आणि तेलामुळे नवी हवा आत शिरत नाही.

दोन दिवसांनी कोरडे मूग जसेच्या तसे असतात. फ्रीजमधले फुगलेले असतात, पण थांबलेले. तेलाखालच्या मुगांची गतही तीच, पुढे तर त्यांना वास येऊ लागतो. अंधारातल्या मुगांना मात्र भरपूर मोड येतात, आणि येथेच अनेकांचा अंदाज चुकतो. मुगाला रुजण्यासाठी पाणी, हवा आणि ऊब लागते. सूर्यप्रकाश लागत नाही. प्रकाशाची गरज आठवड्याभरात, दलांतील शिदोरी संपत आल्यावर, उभी राहते. म्हणजे गरजांची यादी एकाच जीवासाठीही वयानुसार बदलते, आणि ‘वनस्पतींना प्रकाश लागतो’ हे वाक्य ‘केव्हा’ हा प्रश्न विचारल्याशिवाय पूर्ण होत नाही.

पाच दिवस झाले की फ्रीजमधला गट बाहेर काढून ठेवावा. ते दाणे एक-दोन दिवसांत मोड काढतात. गरज न भागल्याने थांबणे आणि मरणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत, हे त्यांच्यामुळे कळते. उकडलेल्या मुगांना मात्र कितीही वेळ दिला तरी मोड येत नाहीत.

तिसरी पायरी: श्वसन

ही पायरी सर्वांत जास्त काळजीने करावी, कारण येथे चुकीचा निष्कर्ष निघण्याच्या वाटा बऱ्याच आहेत.

आदल्या रात्री एक लिटर पाण्यात हरभऱ्याच्या तीन-चार दाण्यांएवढा खायचा चुना नीट ढवळून भांडे झाकून ठेवावे. चुना पाण्यात फारच थोडा, लिटरला साधारण दीड ग्रॅमच विरघळतो, त्यामुळे जास्त घालून फायदा नाही. सकाळी वरची स्वच्छ निवळी गढूळ न होऊ देता ओतून घ्यावी आणि भरलेल्या बाटलीत घट्ट बंद करावी. चुना डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते, म्हणून हे काम मोठ्या माणसाने करावे आणि लहान मुलांच्या हाती चुन्याची पुडी किंवा नळी देऊ नये.

तीन बरण्या घ्याव्यात. पहिलीत तळाशी मोड आलेले मूग, दुसरीत उकडलेले मूग आणि तिसरीत केवळ ओला कापूस ठेवावा. प्रत्येक बरणीत, मुगाला न चिकटेल अशी, निवळीने अर्धी भरलेली छोटी वाटी उघडी ठेवावी आणि झाकण घट्ट लावावे. काही तासांत मोड आलेल्या मुगांच्या बरणीतील निवळीवर पांढरी साय धरते आणि हलवली की ती दुधाळ होते. मुगांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि विरघळलेला चुना यांच्यापासून न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट तयार होते, आणि तोच हा पांढरेपणा. ओल्या कापसाच्या बरणीतही अगदी पुसटसा पापुद्रा येतो, कारण साध्या हवेतही हा वायू सुमारे ०.०४ टक्के असतो. ही तिसरी बरणी ठेवली नाही, तर त्या पुसट पापुद्र्याचे श्रेयही कोणीतरी मुगांच्या खात्यावर जमा करील.

दुसऱ्या बरणीवर विशेष लक्ष ठेवावे. उकडलेल्या मुगांची निवळी पहिले काही तास स्वच्छ राहते, परंतु आपल्याकडच्या हवेत हे मूग दिवसाभरात आंबू लागतात आणि मग तीही निवळी पांढरी होते. ‘मेलेले मूगही श्वसन करतात’ असा निष्कर्ष येथे काढला जातो, तो चुकीचा आहे. श्वसन करत असतात ते मुगांवर वाढलेले जिवाणू आणि बुरशी. म्हणून ही तुलना सहा ते आठ तासांच्या आतच संपवावी. वाटल्यास दुसऱ्या दिवशी तीच बरणी पुन्हा उघडून वास घ्यावा आणि निवळी पाहावी; त्यातून डोळ्यांना न दिसणाऱ्या सजीवांचा पुरावा आपोआप मिळतो.

श्वसनात अन्नातील ऊर्जा मोकळी होते आणि तिचा काही भाग उष्णतेच्या रूपात बाहेर पडतो. हे पाहण्यासाठी एका थर्मासमध्ये मोड आलेले मूग आणि दुसऱ्यात उकडून पूर्ण गार केलेले मूग दोन तृतीयांश भरावेत, मध्यभागी तापमापक खोचावा आणि तोंडाशी बूच न लावता कापसाचा सैल बोळा द्यावा, कारण बूच लावल्यास मूग गुदमरतील. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या थर्मासमधील तापमान काही अंशांनी चढलेले दिसते. घरी मोठ्या भांड्यात मटकी किंवा मूग मोड आणण्यासाठी दाबून बांधले असतील, तर मध्यभागी हात घातल्यावर जाणवणारी ऊब हीच असते.

चौथी पायरी: वाढ मोजणे

तुरटीचा लहानसा खडा दोऱ्याने बांधून तुरटीच्या संपृक्त द्रावणात (ज्यात आणखी तुरटी विरघळत नाही अशा पाण्यात) टांगून ठेवला, तर तो आठवड्याभरात चांगला वाढतो. तेव्हा ‘आकार वाढतो’ एवढ्यावरून कोणाला सजीव ठरवता येणार नाही. तुरटीच्या खड्यावर बाहेरून थर चढतात, तर सजीवाची वाढ आतून, पेशी विभागून आणि लांबून होते. हा फरक डोळ्यांनी पाहण्याची एक जुनी आणि सुंदर पद्धत आहे. त्यासाठी मुगापेक्षा हरभरा बरा, कारण त्याचे मूळ जाड असते. मूळ दोन सेंटिमीटर लांब झाले की टीपकागदाने हलकेच टिपून त्यावर टोकापासून दोन-दोन मिलिमीटरवर शाईच्या बारीक रेघा ओढाव्यात आणि दाणा ओल्या टीपकागदांत पुन्हा ठेवावा. दुसऱ्या दिवशी वरच्या रेघा जिथल्या तिथे असतात आणि टोकाजवळच्या रेघा एकमेकींपासून दूर सरकलेल्या व पसरलेल्या दिसतात. मुळाची वाढ त्याच्या संपूर्ण लांबीभर होत नाही; ती टोकालगतच्या काही मिलिमीटरमध्येच होते.

वजनाची गोष्ट आणखी विचार करायला लावणारी आहे. शंभर ग्रॅम कोरडे मूग भिजवून, मोड आणून तोलले तर ते दुपटीहून अधिक भरतात आणि मूग ‘वाढले’ असे वाटते. पण तेच मोड कडक उन्हात पूर्ण वाळवून पुन्हा तोलले, तर वजन मूळ शंभर ग्रॅमपेक्षा कमी भरते. वाढलेले सगळे वजन पाण्याचे होते. दाण्यातील साठ्याचा काही भाग श्वसनात खर्ची पडून कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत गेला आणि त्या खर्चावर मूळ व खोड उभे राहिले. मात्र वाळवताना एकही मोड सांडू देऊ नये, कारण फरक थोडाच असतो.

पाचवी पायरी: चेतनाक्षमता आणि हालचाल

काचेच्या पेल्याच्या आतून ओला टीपकागद लावावा आणि काच व कागद यांच्यामध्ये मूग अडकवावेत. मुळे दोन सेंटिमीटर झाली की पेला आडवा करून अंधारात ठेवावा. दुसऱ्या दिवशी मुळांची टोके काटकोनात वळून पुन्हा जमिनीकडे आणि खोडांची टोके वर वळलेली दिसतात. प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद पाहण्यासाठी बुटांच्या खोक्याच्या एका बाजूला रुपयाच्या नाण्याएवढे भोक पाडून आत उगवलेली रोपे ठेवावीत; एक-दोन दिवसांत सगळी रोपे भोकाकडे झुकतात. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या अंकुरांच्या टोकांवर टोप्या चढवून, प्रकाशाची जाणीव टोकाला होते आणि वाकण्याची क्रिया त्याच्या खाली घडते, हे १८८० मध्ये मांडले. गव्हाच्या अंकुराच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या वर्खाची इवलीशी टोपी घालून हा प्रयोग घरीही जमतो.

येथेही निर्जीव जोडीदार हवाच, आणि तो माळरानावर फुकट मिळतो. पावसाळ्यानंतर कपड्यांना चिकटणारे कुसळी गवताचे वाळलेले कुसळ पाण्याचा थेंब टाकताच गरगर पीळ सोडू लागते. पाहणाऱ्याला ते जिवंत वाटावे इतकी ती हालचाल ठसठशीत असते, पण ती मेलेल्या तंतूंची आहे: ओलावा मिळाला की काही थर जास्त फुगतात, काही कमी, आणि काडी फिरते. कुसळ उकळून वाळवले तरी ते पुन्हा फिरते. उकडलेला मूग मात्र कोणत्याच बाजूला वळत नाही.

सहावी पायरी: अन्न

पहिला आठवडा मूग दलांतील साठ्यावर जगतो. त्यानंतर कुंडीत लावलेली रोपे उन्हात ठेवावीत आणि दोन-तीन रोपे मुद्दाम अंधारात ठेवावीत. अंधारातली रोपे उंच, पिवळट आणि लेची होतात व साठा संपला की कोलमडतात.

पान स्वतः अन्न बनवते हे पाहण्यासाठी चांगली पाने आलेले रोप दोन दिवस अंधारात ठेवावे, मग एका पानाच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी काळ्या कागदाची पट्टी अडकवून रोप पाच-सहा तास उन्हात ठेवावे. पान तोडून मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवावे. त्यानंतर विस्तव पूर्ण बंद करावा, लहान वाटीत स्पिरिट घेऊन त्यात पान ठेवावे आणि ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावी. स्पिरिट झटकन पेट घेते, म्हणून ते कधीही थेट शेगडीवर ठेवू नये. पानाचा हिरवा रंग उतरला की ते कोमट पाण्याने धुऊन पातळ केलेले आयोडिन टाकावे. उघडा भाग निळसर काळा होतो, पट्टीखालचा भाग पिवळट तपकिरी राहतो. आयोडिन चांगले आहे का, हे आधी बटाट्याच्या कापावर तपासून घ्यावे.

वनस्पती माती खाऊन वाढतात ही समजूत फार जुनी आहे. ती तपासण्यासाठी वैज्ञानिक यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट यांनी २०० पौंड कोरडी माती तोलून तीत ५ पौंडांचे विलो या झाडाचे रोप लावले आणि पाच वर्षे केवळ पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले आणि माती मात्र सुमारे दोन औंसच घटली. त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. सगळे झाड पाण्यापासून बनले असा निष्कर्ष त्यांनी काढला, कारण हवेचा वाटा त्यांनी हिशेबात धरला नाही. पुढे १७७१ मध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी मेणबत्ती विझलेल्या बंद हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली, तर काही दिवसांनी त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळू शकते हे दाखवले, आणि १७७९ मध्ये यान इंगेनहाउस यांनी हे काम फक्त हिरवे भाग आणि तेही प्रकाशातच करतात हे सिद्ध केले. मातीतून घटलेले दोन औंस मात्र दुर्लक्ष करण्यासारखे नव्हते: त्यातच झाडाला लागणारी खनिजे होती. मुगाने नायट्रोजनची सोय आणखी वेगळ्या मार्गाने केलेली असते. शेतातील मातीत वाढलेले महिन्याभराचे रोप अलगद उपटून मुळे धुतली, तर बारीक गाठी दिसतात. त्यांतील जिवाणू हवेतला नायट्रोजन रोपाला वापरता येईल अशा रूपात आणून देतात आणि मोबदल्यात रोपाकडून साखर घेतात.

सातवी पायरी: त्याच डब्यातला प्राणी

प्राण्यांच्या गरजा पाहण्यासाठी मुगाच्या डब्याबाहेर जाण्याचे कारण नाही. जुन्या मुगांवर पांढरे ठिपके चिकटलेले दिसले तर ती भुंग्याची अंडी समजावीत. अळी अंड्यातून निघते ती थेट दाणा पोखरून आत शिरते, आतच खाते, आतच कोषात जाते आणि महिन्याभराने भुंगा गोल खिडकी कापून बाहेर पडतो. अन्न आणि निवारा या दोन्ही गरजा तिने एका दाण्यात भागवल्या. बाहेर आलेला भुंगा कोरड्या डब्यात पाण्याचा थेंब न पिता आणि काहीही न खाता आठवडा-दोन आठवडे जगतो व अंडी घालतो, कारण लागणारे अन्न-पाणी त्याने अळी असतानाच साठवलेले असते. ‘प्रत्येक प्राणी पाणी पितो’ हे वाक्य त्यामुळे खोडावे लागते. पाणी प्रत्येकाला लागते हे खरे. पण ते प्यावेच लागते असे नाही.

‘कडधान्यात कीड आपोआप पडते’ असे सहज म्हटले जाते. हे तपासण्याची रीत इटलीतील फ्रान्सेस्को रेदी यांनी १६६८ मध्ये मांसाच्या बरण्यांवर कापड बांधून घालून दिली आहे. अंडी चिकटलेले मूग घेऊन त्यांचे दोन भाग करावेत. एक भाग कोरड्या, बंद पिशवीत आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवून बाहेर काढावा, दुसरा तसाच ठेवावा. मग दोन्ही भाग वेगवेगळ्या बरण्यांत भरून तोंडाला मलमल घट्ट बांधावी. दोन महिन्यांत साध्या बरणीत भुंगे फिरू लागतात, तर गोठवलेल्या बरणीत काहीच घडत नाही. गोठवलेल्यांतले न किडलेले दाणे भिजवले तर त्यांना मात्र मोड येतात. तीच थंडी कोरड्या दाण्याने सोसली आणि अळीने सोसली नाही, हे वहीत ठळकपणे नोंदवावे. धान्याला एरंडेल चोळून ठेवण्याची आपल्याकडची जुनी रीत हवेच्या गरजेवरच बेतलेली आहे: तेलाचा पातळ थर अंड्याला श्वसनासाठी लागणारी हवा मिळू देत नाही.

उत्सर्जन, प्रजनन आणि पेशी

वनस्पतींचे उत्सर्जन घरी दाखवणे अवघड आहे, आणि त्यासाठी ओढूनताणून प्रयोग करू नयेत. निवळी दुधाळ करणारा कार्बन डायऑक्साइड हेच मुगाचे उत्सर्जन म्हणून पुरे.

प्रजननासाठी मात्र धीर लागतो. जूनमध्ये पाऊस स्थिरावल्यावर मोठ्या कुंडीत पाच-सहा दाणे पेरावेत. पाच-सहा आठवड्यांत पिवळट फुले येतात. मुगाचे फूल स्वतःच्याच परागांनी फळते, त्यामुळे गच्चीवर मधमाश्या नसल्या तरी शेंगा धरतात. शेंगा काळपट झाल्या की तोडून दाणे मोजावेत आणि त्यांतलेच काही भिजवून पहिली पायरी पुन्हा करावी. येथे मुले एक शंका काढतातच: खेचराला पिल्ले होत नाहीत, मग ते निर्जीव का? प्रजनन हे जातीचे लक्षण आहे. प्रत्येक जीवाने ते केलेच पाहिजे अशी अट नाही. श्वसन थांबले तर जीव मरतो, प्रजनन न झाल्याने मरत नाही, आणि म्हणूनच श्वसनाची परीक्षा एका दाण्यावर घेता येते, प्रजननाची घेता येत नाही.

शाळेत सूक्ष्मदर्शक असल्यास कांद्याचा पापुद्रा आयोडिनच्या थेंबात ठेवून पेशी पाहाव्यात. समईची ज्योत आणि तुरटीचा खडा नापास होतात ते याच विषयात.

जेथे चौकट अपुरी पडते

दोन उमेदवार वहीतील चौकटीत नीट बसत नाहीत. पहिला म्हणजे डब्यातला कोरडा मूग. त्याचे श्वसन इतके मंद असते की चुन्याच्या निवळीला ते काही तासांत कळत नाही. वाढ नाही, प्रतिसाद नाही. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ मध्ये उघडलेल्या बियाणे भांडारात उणे १८ अंश सेल्सिअसला बी ठेवतात ते याच सुप्तावस्थेच्या भरवशावर. इस्रायलमधील मसाडा या प्राचीन किल्ल्याच्या उत्खननात सापडलेली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ मध्ये रुजवण्यात आली आणि तिचे झाड झाले. अशा दाण्यासाठी वहीत ‘लक्षणे दिसत नाहीत, क्षमता आहे’ असा स्वतंत्र शेरा द्यावा आणि ती क्षमता पाणी देऊनच तपासावी.

दुसरा उमेदवार कुंडीतल्या मुगावर कधी कधी स्वतःहून येतो. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे दिसू लागले, शेंगा कमी धरल्या, तर तो पिवळ्या मोझॅकचा विषाणू असण्याची शक्यता मोठी असते. पांढरी माशी तो एका रोपावरून दुसऱ्यावर नेते. विषाणू श्वसन करत नाही, अन्न घेत नाही, स्वतः वाढत नाही. तंबाखूवरच्या अशाच एका विषाणूचे तर वेंडेल स्टॅनली यांनी १९३५ मध्ये मिठासारखे स्फटिक मिळवले होते. तरीही मुगाच्या पेशीत शिरला की तिचीच यंत्रणा वापरून तो स्वतःच्या असंख्य प्रती काढतो. त्याच्या ओळीत ‘पेशीबाहेर’ आणि ‘पेशीत’ असे दोन उपरकाने पाडून प्रत्येक लक्षण दोनदा तपासावे लागते. नोंद झाली की रोगट रोप मुळासकट उपटून पिशवीत बांधून टाकून द्यावे आणि उरलेल्या रोपांच्या पानांची खालची बाजू पांढऱ्या माशीसाठी रोज पाहावी.